सिस्टरांच्या स्मरणसभेविषयी सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव, ए विंग: सर्व सभासदांस नमस्कार. सी विंगमधील आपल्या सिस्टरांचे मंगळवारी पहाटे निधन झाल्याचे आपणां सर्वांना कळलेच आहे. येत्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता सोसायटीच्या सभागृहात स्मरणसभा ठेवली आहे. फाटकाजवळच्या फळ्यावर तूर्त नावाखाली ‘निवृत्त परिचारिका’ एवढेच लिहिले आहे आणि ते मला स्वतःला अपुरे वाटते. ज्यांना त्यांचा जवळून सहवास लाभला त्यांनी आपल्या आठवणी कृपया येथेच लिहाव्यात, म्हणजे त्या सभेत वाचून दाखवता येतील.

ए २०४: फळ्यावर ‘चित्रकार’ हेही लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शनिवारी दुपारी सभागृहात त्या मुलांना सावंतवाडीची गंजिफा शिकवत, हे ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांना कदाचित ठाऊक नसेल. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांची दहा कुळे असतात आणि प्रत्येक कुळात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, असे एकूण १२० पत्ते होतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. मुलांना रंगाच्या बाटल्या उघडण्याची घाई झालेली असे, पण सिस्टर आधी पत्ता तयार करायला लावत. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, ते दाबून वाळवायचे, वर खडूचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने तो इतका घोटायचा की बोट फिरवले असता कुठेही खरखर लागू नये. एवढे झाल्यावरच कुंचला हाती मिळे.

माझ्या नातवाने एकदा सत्तीच्या पानावर सहाच मासे काढले. जागा भरली आहे आणि चित्र छान दिसते आहे, असे त्याचे म्हणणे होते. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला ते मासे मोठ्याने मोजायला लावले आणि ‘औषधाच्या गोळ्या मोजताना असाच चुकलास तर रोग्याने काय करायचे?’ एवढेच विचारले. तो आता कॉलेजात आहे. हिशेबाचे काहीही काम असले तरी दोनदा मोजल्याशिवाय पुढे करत नाही.

सी ४०३: काका, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मावशीने चित्रकला निवृत्तीनंतर वेळ घालवण्यासाठी धरली, असे भेटायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या बोलण्यात आले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमचे आजोळ कुडाळजवळचे. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीकार रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून, वाद्यांच्या साथीने रात्री देवळात कथा सांगत, ते मावशीने लहानपणी पाहिले होते आणि ती रेषा तिच्या हातात तेव्हापासून बसली होती. त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तिने आपल्या मजल्यावरच्या सगळ्या घरी शिरा पाठवला होता, हे शेजाऱ्यांना आठवत असेल. परिचर्येचा अभ्यासक्रम करण्यासाठी ती १९६६ साली मुंबईला आली, १९७० साली परळच्या केईएम रुग्णालयात रुजू झाली आणि २००६ साली तेथूनच निवृत्त झाली. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लोप पावत चाललेली गंजिफा राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली, त्या काळात मावशी रजेवर गावी गेली की सावंतवाडीला जाऊन त्या कारागिरांचे काम तासन्‌तास पाहत बसे. मुंबईत परतल्यावर, रात्रपाळी करून सकाळी घरी आली की आंघोळ आणि चहा उरकून ती झोपण्याआधी रंग घेऊन बसायची. त्याशिवाय मला झोप लागत नाही, असे ती आईला सांगत असे.

वॉर्डातल्या गोष्टी ती घरी फारशा बोलत नसे. मात्र १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी ती कामावर गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली, आणि त्या रात्रीची एक हकीकत तिने खूप वर्षांनी मला सांगितली. शुद्धीवर नसलेल्या जखमींची नावे कोणालाच ठाऊक नव्हती आणि बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांची रीघ लागली होती. मावशीने प्रत्येकाच्या मनगटाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आणल्याची वेळ लिहिली आणि वेगळ्या कागदावर ओळखीच्या खुणांची यादी केली: निळा चौकड्यांचा शर्ट, तांब्याचे कडे, उजव्या भुवईवर जुना व्रण. एका माणसाच्या दंडावर गोंदण होते आणि ते शब्दांत नेमके सांगता येईना, म्हणून तिने टीपीआर चार्टच्या, म्हणजे रोग्याचा ताप, नाडी आणि श्वास नोंदवण्याच्या तक्त्याच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर ते जसेच्या तसे काढून बाहेर पाठवले. ते पाहून त्याचा भाऊ आत आला. तो माणूस वाचला. त्या दिवशी शेकडो परिचारिकांनी असेच काम केले, माझे वेगळे काही सांगू नका, असे तिने मला बजावले होते. आज तिची ती आज्ञा मी मोडते आहे.

खजिनदार, बी १०३: मी जे लिहितो आहे ते संबंधित सुरक्षारक्षकाची परवानगी घेऊन लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याकडील एका सुरक्षारक्षकाचा खोकला जात नव्हता. सिस्टरांनी त्याला महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन थुंकीची तपासणी करून घेतली आणि क्षयरोगाचे निदान झाल्यावर सहा महिन्यांचे सरकारी मोफत उपचार सुरू करून दिले. या रोगात दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमकी तेव्हाच माणसे गोळ्या सोडतात, त्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे त्यांनी त्याला पुनःपुन्हा समजावले. उपचार संपेपर्यंत औषध त्यांच्या समोर घेतले जाई. सुरुवातीला त्याला रजेवर राहावे लागले, तेव्हा त्याचा पगार कापला जाऊ नये म्हणून त्या माझ्याकडे आल्या. आजार कोणता ते मी विचारले, आणि त्यांनी ते सांगण्यास शांतपणे नकार दिला. संसर्गाचा धोका टळेपर्यंत तो कामावर येणार नाही, याची हमी मात्र त्यांनी स्वतः दिली. खरा प्रकार मला पुढे त्या सुरक्षारक्षकाने स्वतःहून सांगितला. रोग्याची गोष्ट रोग्याच्या परवानगीविना कोणालाही सांगायची नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता.

ई ५०२: मी या सोसायटीत २०१९ पासून भाड्याने राहते आणि स्वतः परिचारिका आहे. एप्रिल २०२० मध्ये माझी नेमणूक कोविड वॉर्डात झाल्यावर काही रहिवाशांनी मला लिफ्ट वापरू नका, शक्यतो दुसरीकडे राहा, असे सांगितले. कोणाचेही नाव घेण्याची माझी इच्छा नाही. लोक घाबरलेले होते. मी पिशवी भरायला घेतली होती. सिस्टर तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांनी घराबाहेर पडू नये असे सगळेच सांगत होते. तरी त्या मास्क लावून खाली आल्या, फाटकापासून अंतर ठेवून खुर्चीत बसल्या, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना राहत्या जागी त्रास देणे हा गुन्हा ठरवणारा केंद्र सरकारचा २२ एप्रिलचा अध्यादेश त्यांनी जमलेल्यांना वाचून दाखवला. मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या की, भीती वाटते हे मला मान्य आहे, म्हणून आपण भीतीवर उपाय करू. तळमजल्याच्या नळापाशी साबण ठेवला गेला, माझे कपडे भिजवायला वेगळी बादली आली, लिफ्टची बटणे दर दोन तासांनी पुसण्याची पाळी लागली. पुढे त्यांनी घरी अलगीकरणात असलेल्यांना रोज सकाळी फोन करून ऑक्सिमीटरचे आकडे एका वहीत लिहायला सुरुवात केली, आणि आकडा ९४ च्या खाली गेला की त्या घरच्यांना दवाखान्यात निघायला लावत. मी त्या घरातून निघाले नाही, आजही तेथेच आहे.

डी ३०१: हे सर्व वाचून मन भरून आले. सिस्टरांनी रंगवलेला गंजिफाचा पूर्ण संच काचेच्या चौकटीत बसवून सभागृहाच्या भिंतीवर कायमचा लावावा, असा माझा प्रस्ताव आहे. खर्चाचा वाटा उचलण्यास मी तयार आहे.

सी ४०३: दादा, तुमची भावना मी समजते, परंतु नम्रपणे नकार देते. गंजिफा हा खेळ आहे, आणि पत्ते हाताळले जावेत म्हणूनच मावशी त्यांवर लाखेचा थर देत असे. दशावतारी गंजिफा तिघांत खेळतात. दिवसा रामाचे कूळ आधी उतरते आणि रात्री कृष्णाचे, असा नियम आहे. रात्रपाळीवाल्यांचा देव वेगळा असतो, असे म्हणून ती मुलांना हा नियम शिकवत असे. संच सोसायटीच्या वाचनालयात ठेवावा, मुलांना खेळायला द्यावा, आणि एखादे पान खराब झाले तर ज्यांना ती शिकवून गेली त्यांनी नवे करावे. अशी सात-आठ मुले आज इमारतीत आहेत.

ए २०४: पूर्ण सहमत. काचेमागे ठेवलेला पत्ता सिस्टरांना पटला नसता. शनिवारचा वर्ग थोरल्या मुलांनी चालवावा, मी देखरेखीला बसेन.

डी ३०१: मान्य. मग चौकटीचा खर्च कागद, रंग आणि लाखेसाठी वापरावा.

सचिव, ए विंग: सर्वांचे आभार. संच वाचनालयात राहील आणि वर्ग पुढील शनिवारपासून सुरू होईल. फळ्यावरचा मजकूर असा करतो: ‘परिचारिका, केईएम रुग्णालय, १९७० ते २००६; गंजिफा चित्रकार; आपल्या शेजारी.’ आक्षेप असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे. एक प्रश्न उरतो. रविवारी सकाळी सिस्टर ज्येष्ठांचा रक्तदाब तपासून वहीत नोंद करत. ते काम आता कोण करील?

ई ५०२: ज्या रविवारी माझी सकाळपाळी नसेल त्या रविवारी मी करीन. उरलेल्या रविवारांसाठी कोणी शिकायला तयार असेल तर स्मरणसभेनंतर मी दाखवून देते. पट्टा दंडावर कुठे बांधायचा आणि माणसाला आधी पाच मिनिटे स्वस्थ बसवायचे, एवढे पाळले तर यंत्र आकडा बरोबर देते.

खजिनदार, बी १०३: मी शिकतो. वही सध्या माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन येतो.