रोलप्लेइंग गेम: लढण्यापेक्षा बोलायला आवडणाऱ्या नवख्यांना गट मिळेल का?

प्रेषक: सु., मिसिसॉगा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांशी ओळख झाली, पण तिथल्या गडबडीत हा विषय काढता आला नाही, म्हणून इथे, आपल्या मंडळींच्या ईमेल यादीवर, लिहिते आहे.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे मला टेबलटॉप रोलप्लेइंगची गोडी लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. एखादी गोष्ट जमेल की फसेल अशी शंका असली की फासा टाकायचा. संगणक लागत नाही.

माझं पात्र मनात पक्कं आहे. साठीची सुईण, चार गावांत फिरणारी. कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला ठाऊक असतं आणि तिला दारातून कुणी परत पाठवत नाही. माझी पणजी हे काम करायची. मी तिला पाहिलेलं नाही, पण आजीकडून इतकं ऐकलंय की तिची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते: दोऱ्याची गुंडी, जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे, बाळंतशोपेची पुरचुंडी.

गेल्या महिन्यात एका दुकानातल्या खुल्या टेबलावर गेले. आम्ही सात जण होतो. मी पात्राबद्दल सांगायला लागले तर "आपल्यात हीलर नाहीये, तू क्लेरिक घे" म्हणून तयार कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, हातात ठेवलं. क्लेरिक म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा भरणारं पात्र. साडेतीन तासांत दोन लढाया झाल्या. माझी पाळी सहा वेळा आली आणि सहाही वेळा मी कुणाची तरी जखम भरून दिली. कुणी वाईट वागलं नाही, पण मला एक वाक्यही बोलायला मिळालं नाही. घरी परतताना फार खट्टू झाले होते.

टोरोंटो आणि आसपास असा गट आहे का, जिथे नवख्या माणसाला नियम समजावून सांगतात आणि अशा पात्राला जागा असते? की हा खेळ मुळात लढाईचाच आहे आणि मीच चुकीची अपेक्षा धरली आहे?

आपली,
सु.

---

प्रेषक: नि., ब्रॅम्प्टन

सु. ताई, नमस्कार.

मी सहा वर्षं गेम मास्टर म्हणून खेळ चालवतोय. तुमची अपेक्षा अजिबात चुकीची नाही. चुकलं ते टेबल, आणि ते का चुकलं हे समजून घेतलं तर पुढचा गट शोधणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डी अँड डी), म्हणजे दुकानात तुम्ही बहुधा खेळलात तोच खेळ, १९७४ मध्ये आला. तो बनवणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन दोघेही छोट्या शिशाच्या सैनिकांच्या युद्धखेळांतून आलेले. अख्ख्या पलटणीऐवजी प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा, ही त्यातली नवी गोष्ट. पण मूळ युद्धखेळाचं असल्यामुळे नियमांचा मोठा भाग आजही लढाईचा आहे. कोण किती फूट सरकला, कुणाच्या अंगावर काय चिलखत, सगळं लिहिलेलं असतं. संभाषणाचे नियम मात्र थोडक्यात आटोपतात. त्यामुळे गेम मास्टरने मुद्दाम वेळ काढला नाही तर टेबल आपोआप लढाईकडे घसरतं. त्यात सात माणसं असली की एक पाळी फिरून यायला वीस मिनिटं सहज जातात.

दुकानातली खुली टेबलं ज्या दिवशी जो येईल त्याला सामावून घेण्यासाठी असतात. गोष्ट आधीच ठरलेली असते आणि ती दोन ते चार तासांत संपवायची असते. नियम शिकायला ती जागा चांगलीच आहे, मीही तिथेच शिकलो. पण स्वतःचा भूतकाळ घेऊन येणाऱ्या पात्राला तिथे वाव कमी मिळतो. तुम्हाला ठरलेल्या माणसांचा, चार-पाच जणांचा गट हवा.

गट मिळाला की लगेच हो म्हणू नका. आधी गेम मास्टरशी फोनवर बोला आणि एवढंच विचारा: "तुमच्या मागच्या खेळातला सगळ्यांत रंगलेला प्रसंग कोणता?" तो ड्रॅगन कसा पाडला ते सांगत सुटला तर त्या टेबलाची आवड कळली. "दोघी बहिणींचं भांडण झालं आणि आम्ही तासभर फासाच टाकला नाही" असं म्हणाला तर तिथे तुमची सुईण बोलू शकेल. "तुमच्याकडे रोलप्लेइंग होतं का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात आणि मनापासून म्हणतात.

मग आपल्या पात्राबद्दल सांगून विचारा की पहिल्याच दिवशी ही बाई कुठे उपयोगी पडेल. चांगला गेम मास्टर तिथल्या तिथे दोन कल्पना सांगतो. मी असतो तर म्हणालो असतो, गावच्या पाटलाला जन्माच्या वेळी हिनेच हातावर घेतलंय, त्यामुळे तो हिच्याशी खोटं बोलताना अडखळतो. "बघू पुढे" असं उत्तर आलं तर शोध चालू ठेवा.

पण एक गोष्ट तुमच्याकडूनही लागेल. तुमच्या सुईणीला बाकीच्यांबरोबर वाटेला लागायचं कारण हवं. गाव सोडायला तयार नसलेलं पात्र कितीही सुंदर असलं तरी टेबल थांबवून ठेवतं, आणि मग बाकीचे चौघे तिची समजूत काढण्यातच संध्याकाळ घालवतात. ती का निघते हे तुम्ही घरून ठरवून या.

क्लेरिकच घ्यायला हवा असंही नाही. माझ्या मते तुमच्या सुईणीला बार्ड चांगला शोभेल. बार्ड म्हणजे बोलण्यातून आणि गाण्यातून ताकद काढणारा. आपल्याकडचा शाहीर किंवा कीर्तनकार डोळ्यांसमोर आणा. तिला हर्मिटची, म्हणजे एकांतात राहिलेल्या माणसाची, पार्श्वभूमी द्या, म्हणजे जडीबुटीचं साहित्य आणि वैद्यकीचं कसब दोन्ही मिळतं. पात्राचे गुण आकड्यांत मोजतात. त्यातला सगळ्यांत मोठा आकडा करिश्म्याला, म्हणजे छाप पाडायच्या ताकदीला, त्याखालचा विज्डमला. समोरच्याच्या मनातलं ओळखायला विज्डम लागतं आणि सुईणीला तेच हवं.

डी अँड डीच खेळायला हवं असंही नाही. दोन सहाबाजूंचे फासे टाकून खेळायचे बरेच खेळ २०१० नंतर आले. दहा किंवा वर पडले तर काम फत्ते, सात ते नऊ पडले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, सहा किंवा खाली आले तर संकट. लढाई असो की मन वळवणं, नियम तोच. बोलणाऱ्या पात्रांना हे खेळ फार मानवतात.

पुस्तकं मात्र विकत घेऊ नका. डी अँड डीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, ते फुकट उतरवून घेता येतात. सात फाशांचा एक संच पुरेसा आहे आणि तोही माझ्याकडे जास्तीचा आहे.

आणि मी गट शोधा म्हणतोय, पण खरं तर मलाच मराठीतून एक वन-शॉट करून बघायचाय. एका बैठकीत संपणारी गोष्ट, तयारी माझी. चार जण जमले तर माझ्या घरी करू. कोण येतंय?

नि.

---

प्रेषक: वै., एटोबिको

सु. ताई, नि. दादा,

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे आणि दोन वर्षं खेळतोय. त्याच्या गटाकडून मी एक शिकले ते सांगते. पहिल्या खेळाआधी ते नुसतंच बोलायला बसतात, त्याला सेशन झीरो म्हणतात. गोष्टीत काय चालेल आणि काय नको हे तिथे ठरतं. टेबलाच्या मध्यावर फुली मारलेलं एक कार्ड असतं, त्याला एक्स-कार्ड म्हणतात. कुणालाही एखादा प्रसंग सहन होईना तर त्या कार्डाला बोट लावायचं. प्रसंग तिथेच बदलतो आणि कारण कुणी विचारत नाही.

सु. ताई, तुमची सुईण मला फार आवडली आणि म्हणूनच हे लिहिते आहे. तिच्याबरोबर टेबलावर बाळंतपण येणार, आणि जुन्या काळातलं बाळंतपण म्हटलं की मूल किंवा आई न वाचणंही येणार. टेबलावरच्या कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला माहीत नसतं. माझ्या बाबतीत घडलंय. तुम्ही आधी विचारलंत तर मी आनंदाने खेळेन. न विचारता तसा प्रसंग आला तर मला उठावं लागेल. नवखा माणूस हे विचारायला बिचकतो, पण विचारलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं.

अजून एक. टोरोंटो पब्लिक लायब्ररीच्या लिलियन एच. स्मिथ शाखेत, कॉलेज स्ट्रीटवर, मेरिल कलेक्शन आहे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा हा संग्रह १९७० मध्ये ज्युडिथ मेरिल यांनी दिलेल्या पुस्तकांतून सुरू झाला, आणि त्यात रोलप्लेइंग खेळांची पुस्तकंही आहेत. घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायची. दाराच्या दोन बाजूंना पंख असलेला सिंह आणि ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी), दोन्ही कांस्याचे. माझा मुलगा लहान असताना त्या सिंहाच्या पंजाला हात लावल्याशिवाय आत जायचा नाही. वेगवेगळे खेळ चाळून बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. युनियनवरून सबवेने क्वीन्स पार्कला उतरा, तिथून चालत जाता येतं.

वन-शॉटला मी येते.

वै.

---

प्रेषक: काका, स्कारबरो

सर्वांस सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कुडाळचा. वय ७१. तुमच्या मेल वाचल्या आणि रात्री झोप लागेना.

तुम्ही जे वर्णन करताय ते मी लहानपणी दशावतारात पाहिलंय. जत्रेच्या रात्री पालखी झाली की नाटक उभं राहायचं. हातात लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं करायचं ते ठरवायचं, कोण कुठलं पात्र तेही ठरायचं, आणि मग रंगमंचावरच्या एकुलत्या एका बाकड्यावर बसून समोरासमोर बोलायला सुरुवात. वाक्य समोरच्याच्या वाक्यातून सुचायचं. राक्षस आरडत यायचा, लढाई व्हायची, आम्ही पोरं घाबरून आईच्या मागे लपायचो. पण म्हातारी माणसं जागी राहायची ती संवादासाठी. कुणी कुणाला शब्दात कसं पकडलं याची चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायची.

माझे वडील पेटीवर साथ करायचे. ते म्हणत, चांगला नट तो, जो समोरच्याला बोलायला जागा करून देतो.

नि., मला तुझे नियम येत नाहीत आणि इंग्रजी पुस्तक वाचायला डोळे साथ देत नाहीत. पण मराठीत बोलायचं असेल तर मला घ्याल का? शाहीर कोण करतंय का बघ. नसेल तर मी करतो.

काका

---

प्रेषक: नि., ब्रॅम्प्टन

काका, तुम्ही यायचंच. नियम मी सांगेन, तुमचं शीट मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवतो. शाहीर तुमचा. सु. ताई, मग तुम्हाला बार्डऐवजी क्लेरिक चालेल का? या वेळी जखमा भरायला नाही, तर गावदेवीची माणूस म्हणून. शनिवारी दुपारी २ वाजता. वै. ताई, पहिला अर्धा तास तुम्ही म्हणता तसं नुसतं बोलू.

नि.

---

प्रेषक: सु., मिसिसॉगा

नमस्कार मंडळी,

यादीवरच विचारलं होतं, म्हणून यादीवरच कळवते. शनिवार झाला. आम्ही पाच जण होतो: नि. दादा, काका, वै. ताई, त्यांचा मुलगा आणि मी.

पहिल्या अर्ध्या तासात मी बाळंतपणाचं विचारलं. वै. ताई म्हणाल्या, सुखरूप होणारं दाखवा, दुसरं नको. ठरलं. एवढ्या एका वाक्याने माझी भीती गेली, कारण मग मला तिच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलता आलं. माझी सुईण गाव सोडून निघाली ती तिच्या हातून जन्मलेली एक मुलगी सासरी पोचलीच नाही म्हणून. हे कारण मी घरून लिहून नेलं होतं, आणि नि. दादांनी सगळी गोष्ट त्याच्यावरच बेतली.

एक प्रसंग सांगते. नदीवर पूल, पुलावर पहारेकरी, आणि तो आम्हाला सोडेना. वै. ताईंचा मुलगा तलवार काढायला निघाला होता. मी म्हटलं, थांब बाळा. मी पहारेकऱ्याशेजारी बसले आणि विचारलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?" नि. दादांनी गुडघ्याचा उल्लेखही केला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला कागद उलटा ठेवला आणि पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंच बोलत होतो: त्याची आई, त्याची रात्रपाळी, आणि त्या मुलीची डोली त्याने कुठल्या दिशेला जाऊ दिली ते सांगायची त्याला वाटणारी भीती.

मग वीसबाजूंचा फासा. पंधरा हवे होते. अकरा पडले, माझ्या पात्राच्या गुणाचे दोन धरून तेरा. तेवढ्यात काकांनी सहाबाजूंचा फासा टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि त्यांच्या शाहिराने दोन ओळी तिथल्या तिथे रचून म्हटल्या, त्या पहारेकऱ्याच्या आईवर. बार्डला तसं करता येतं, आपला फासा दुसऱ्याला देता येतो. मी टाकला. तीन. एकूण सोळा. वै. ताईंचा मुलगा खुर्चीवरून उठून ओरडला.

तलवार त्यालाही चालवायला मिळाली, शेवटी गुहेत. तो भाग वीस मिनिटांत आटोपला आणि मला तोही आवडला.

मुलगी अजून सापडलेली नाही, त्यामुळे वन-शॉटचं आता कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, झालंय. दर महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी २ ते ६. एक जागा रिकामी आहे. अजिबात न खेळलेलं कुणी असेल तर आधी त्यालाच देऊ. काकांना स्कारबरोहून आणायला-सोडायला त्या बाजूचं कुणी मिळालं तर फार बरं होईल, बस आणि गाडी बदलत त्यांना दोन तास लागतात. येणाऱ्याने मला किंवा नि. दादांना यादीबाहेर लिहावं, आणि आपलं पात्र काय करायला निघालंय ते चार ओळींत कळवावं.

सु.