जूनमध्ये फ्रेंडशिप पीक, आम्ही सातजण. सिंहगड पुरेल का?

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी. आम्ही सातजण चार वर्षं दर रविवारी सिंहगड चढतोय. साडेपाचला आतकरवाडीत गाडी लावायची, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, उन्हं तापायच्या आत घरी. दिवाळीत कुणीतरी (मीच) बोलून गेलं की एकदा बर्फातलं शिखर करू. झालं. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर, जूनचा दुसरा आठवडा, पैसेही भरले. हातात ११ आठवडे आहेत.

मी ४६ वर्षांची, बँकेत, गुडघे अजून शाबूत. शिवाय नवरा, धाकटी जाऊ, आयटीतली तीन पोरं आणि आमचे काका. काका ५९ चे, बीपीची गोळी चालू, तरी गड ५५ मिनिटांत. पोरांपैकी एकजण ३८ मिनिटांत चढतो आणि वर उभा राहून घड्याळ दाखवतो. मला सव्वा तास लागतो, जावेला दीड.

आयोजकांच्या पीडीएफमध्ये "५ किमी ३० मिनिटांत पळता आलं पाहिजे" एवढंच लिहिलंय. पळायचं की चढायचं? बूट विकत की भाड्याने? आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारता येत नाही तो प्रश्न: सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचं करायचं काय?

उनाड_मावळा

कात्रज ते सिंहगड करा. तेरा टेकड्या, सगळा माज उतरतो. एप्रिलात दिवसा मात्र अजिबात नको, संध्याकाळी निघून पहाटे गडावर. वाटेत पाणी नाही, माणशी ४-५ लिटर घ्याच.

दोनदा_गेले

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते.

मी या शिखरावर दोनदा गेले, वर पोचले एकदाच. पहिल्या खेपेला आम्ही नऊजण, सगळे धडधाकट, सगळे एकमेकांच्या पुढे. लेडी लेग, म्हणजे शिखराखालचा तळ, तिथल्या तंबूतून रात्री दीडला निघायचं होतं. (रात्री बर्फ कडक असतो म्हणून. ऊन चढलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततात.) क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे ते खिळे, आदल्या दिवशी सरावात घातले होते, पण उजेडात आणि उघड्या हातांनी. आता अंधार, हातात दुहेरी हातमोजे, हेडटॉर्चचं बशीएवढं वर्तुळ, आणि माझा पट्टा काही बकलातून जाईना. वैतागून हातमोजा काढला. थोड्याच वेळात बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी झाली. शेवटी गाईड गुडघ्यावर बसला आणि शाळेत निघालेल्या पोराचे बूट बांधावेत तसे त्याने माझे पट्टे ओढले. तोवर बाकीचे अर्धा-पाऊण तास जागच्या जागी उभे राहून गारठले होते. नंतर ती वेळ भरून काढायला सगळे जोरात सुटले. पहाटे दोघांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि अख्खी वरात परत. मला कुणी एक शब्द बोललं नाही. परतीच्या बसमध्येसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेआधी महिनाभर रात्री गच्चीवर दिवा मालवून बसायचे. आत लोकरीचे, वर दिराचे बाइकचे हातमोजे. हार्नेसचं, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्याचं बकल लावायचं, काढायचं. कॅराबिनरचा, म्हणजे दोराच्या कडीचा स्क्रू. बाटलीचं झाकण. पॅंटची चेनसुद्धा, हसू नका, कळेल. शेजारच्या आजींना वाटलं सुनेवर कुणीतरी करणी केलीय.

आता चाल. लेडी लेग साधारण ३८०० मीटरवर, म्हणजे शिखराच्या रात्री जवळपास १५०० मीटर चढ. आतकरवाडीतून गड साधारण ६०० मीटर. दोन सिंहगड चढून तिसऱ्याला हात घालायचा, तोही बर्फात, पायात जड बूट, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याला टेकलेला. तिथे ३८ मिनिटांचं कौतुक कुणाला नाही. बोलता येईल इतक्या संथ चालीने सात-आठ तास चालत राहणं, हे जमलं पाहिजे. ते धावणाऱ्या पोरांनाच सगळ्यात जड जातं. म्हणून आजपासून जाऊबाईंना पुढे घाला. त्यांना ओलांडायचं नाही. वर एका दोराला बांधल्यावर तसंही सगळ्यांची चाल एकच होते.

पाठीवर पाण्याचे कॅन घ्या, आधी ६ किलो, मग १२. वर गेल्यावर पाणी ओता, गुडघे वाचतील. पण महिन्यातून दोनदा भरल्या वजनानेच उतरा. उतारावर बोंबलतात त्या मांड्या.

बर्फाचे बूट तिथेच भाड्याने घ्या, जाड मोजे घालून बघा, उतारावर अंगठा पुढे आपटला तर बदलून मागा. साधे ट्रेकिंगचे बूट मात्र याच आठवड्यात आणा आणि ऑफिसलासुद्धा तेच घाला. गडद गॉगलची एक जादा जोडी गटात असू द्या. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही लावायचं, बर्फावरून ऊन खालून येतं.

राहिलं परत फिरण्याचं. एकजण फिरला तर सोबत कोण उतरणार आणि गाईड किती, हे आयोजकांना आत्ताच विचारा. तुमच्यातलं तुम्ही घरी चहा पिताना ठरवा. रात्री तीनला, थंडीत, ते बोलणं होत नाही. झालंच तर भांडण होतं.

गोळीवाला

मी डॉक्टर आहे, पण इथे प्रिस्क्रिप्शन देत नाही. काकांना याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, गोळीचं नाव आणि उंची दोन्ही सांगून. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, चढावर ते जाणवतं. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, विचारून ठरवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि पहिली गोळी डोंगरावर नको, घरी घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वाढेल, सोडा बेचव लागेल, घाबरू नका. पण डोकं दुखतंय आणि सरळ रेषेत पावलं पडत नाहीत, तर लगेच खाली. सकाळची वाट बघायची नाही.

सिंहगडरोडवाली

सगळ्यांचे आभार. परवाच्या रविवारी जावेला पुढे घातलं. आधी ती कावली, "माझी वरात काढताय का?" म्हणाली. एक तास ५० मिनिटं लागली. ३८ मिनिटंवाला पहिल्या वळणापासून कुरकुरत होता, १२ किलोमुळे खांदा धरला म्हणे. वर ताकवाल्या मावशींच्या हंड्यात सगळं पाणी ओतलं. त्यांनी विचारलं, "दर रविवारी आणनार का?"

काकांची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. ते म्हणतात मी ठणठणीत आहे. काकू म्हणतात, न्याच.

काल रात्री गच्चीत बसले होते. बकल जमतंय. कॅराबिनरचा स्क्रू अजून नाही, हातमोजा सरकतो.

दोनदा_गेले

तळहाताला रबर असलेले घ्या. आणि चेन विसरू नका.