शब्दचर्चा : 'फॉल्ट' म्हणजे दोष, बिघाड की फॉल्टच?

दारव्ह्याहून : वीजवाहिनीतल्या सिग्नलवरून फॉल्ट कसा ओळखतात, यावर मराठीत लेख लिहितोय. कोशात 'दोष' मिळतो. पण 'अकरा केव्हीवर', म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर, 'दोष आलाय' असं आमच्या तालुक्यात कोणी बोलल्याचं ऐकलं नाही. 'बिघाड' चालेल का?

अकोटहून : आमी लाईनवरचे लोकं फॉल्टच म्हणतो भाऊ. दोष देता येते, फॉल्ट शोधा लागते! रात्री लाईन गेली का एबी स्विच, म्हंजे खांबावरचा लाईन तोडाचा स्विच, खोलून अर्धी लाईन चार्ज करा. उभी राहली, तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. मंग बॅटरी घेऊन पऱ्हाटीतून चाला.

अमरावतीहून : 'बिघाड' टाळाच. डीपी जळली, हा बिघाड. बाभळीची फांदी दोन फेजवर टेकली आणि करंट नको त्या वाटेनं गेला, हा फॉल्ट. फांदी काढली की लाईन सुरू, बिघडलेलं काहीच नसतं. आणि 'ट्रिप' वेगळं ठेवा. फॉल्ट दिसल्यावर ब्रेकर पडतो, ते ट्रिप.

खरी गंमत फॉल्ट असून ट्रिप होत नाही तिथे आहे. उन्हाळ्यात कोरड्या वावरात तार पडली तर करंट इतका थोडा वाहतो की रिलेला, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राला, पत्ताच लागत नाही आणि तार जिवंत राहते. करंटच्या वाटेत अडथळा मोठा, म्हणून हा हाय इम्पीडन्स फॉल्ट. 'उच्च प्रतिबाधा दोष' लिहिलंत तर अकोटवाले भाऊ तुमचा लेख वाचणार नाहीत! पण मातीशी ठिणग्या उडत असतात. त्यामुळे ५० हर्ट्झची लाट शून्याजवळ अडखळते, हार्मोनिक्स, म्हणजे ५० च्या पटीतल्या लाटा, वाढतात. हे खडबडीत तुकडे केव्हा आले ते साध्या फुरिए विश्लेषणात, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या हर्ट्झच्या लाटांत फोडून पाहण्यात, हरवतं; छोट्या छोट्या लाटांनी तपासणाऱ्या वेव्हलेटमध्ये वेळेसकट दिसतं. वेव्हलेटला 'तरंगिका' म्हणा, तो शब्द मला आवडतो.

दारव्ह्याहून : मग सिग्नलवरून जागाही कळते का? म्हणजे भाऊंची रात्रीची पायपीट वाचेल.

अमरावतीहून : लांब लाईनवर कळते. फॉल्टच्या क्षणी उठलेली लाट तारेतून मायक्रोसेकंदाला जवळपास ३०० मीटर धावते. दोन्ही टोकांना ती किती फरकानं पोचली, त्यावरून अंतर निघतं. चंद्रपूरहून निघणाऱ्या ४०० केव्हीसारख्या लाईनला हा हिशेब सरळ बसतो. गावच्या अकरा केव्हीला फाटेच इतके, की प्रत्येक फाट्यावरून लाट परतते आणि गोंधळ होतो.

अकोटहून : म्हंजे बॅटरी ठेवाच लागन.

दारव्ह्याहून : ठरलं. लेखात 'फॉल्ट' आणि 'फॉल्टची जागा'.