वाचनालयात पेपर तर येतोच की, मग संशोधनाचा पेपर का नको?

डाळिंबवाला:
डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला म्हणून रात्री नेटवर शोधत बसलो, तेल्यावरचाच एक पेपर घावला पण उघडायला गेलो तर डॉलरात पैसे मागतंय. आपल्या सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हाय म्हणून मिरवतो आपण, आन् जगात काय शोध लागलाय ते वाचायला खिसा बघायचा? माझं म्हणणं, वाचनालयात एक कॉम्प्युटर आन् एक जाणकार माणूस याच कामाला ठेवा.

पार्कचौकी:
काय बे, वाचनालयात पोरं एमपीएससीचा अभ्यास करतात नाहीतर म्हातारी माणसं पेपर वाचतात. ओपन ॲक्सेस म्हणजे नेटवर फुकट ना, मग मोबाईलवर वाच की, मधे वाचनालय कशाला.

ग्रंथपाल मावशी:
फुकट असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. २७ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलीत मी. डीबीटी-डीएसटी म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान खात्यांचं २०१४ चं धोरण आहे, त्यांच्या पैशातून झालेला पेपर रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन साठ्यात, टाकायचा. टाकणार कोण? प्राध्यापक म्हणणार नंतर बघू, मागे लागून मागावं तर प्रकाशकाची छापील पीडीएफ पाठवणार जी बहुतेकदा चढवताच येत नाही, लेखकाची स्वतःची शेवटची प्रत लागते, ती म्हणे जुन्या लॅपटॉपवर राहिली! हे ग्रंथपालच करतो, आणि पदं भरायची म्हटलं की सगळ्यात शेवटी त्याचंच.
डाळिंबवाले, पेपरचं नाव गुगल स्कॉलरवर टाका, खाली बाकीच्या आवृत्त्या दिसतात त्या उघडा. पीएचडीचा प्रबंध असेल तर शोधगंगेवर, तिथे भारतातले प्रबंध फुकट वाचता येतात.

पार्कचौकी:
मावशी, कॉलेजचं ठीक. पण सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला ३ वर्षांसाठी ६००० कोटी दिलेत, ३० प्रकाशक, १३ हजारच्या आसपास जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं. अजून काय पाहिजे?

पीएचडी रखडलेला:
ते सरकारी संस्थांना दादा. मी खासगी विनाअनुदानित कॉलेजात, मला नाही, शेतकऱ्याला तर नाहीच. आणि हे ओपन नव्हेच, वर्गणी फक्त सरकारने भरली, कुलूप तेच. दुसरीकडं नावाजलेल्या जर्नलात ओपन छापायचं तर लेखकाकडून दोन-तीन हजार डॉलर मागतात, माझा वर्षाचा पगार जाईल त्यात.

ग्रंथपाल मावशी:
तुझं बरोबर, पण सगळीच तशी नसतात रे. डीओएजे म्हणून खुल्या जर्नल्सची यादी आहे, तिच्यातली बहुतेक जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. कुठलं खरं आणि कुठलं नुसतं पैसे उकळणारं, हे तुझ्या ग्रंथपालाला विचारलंस का कधी?

पीएचडी रखडलेला:
नाही विचारलं. पद रिकामंय, क्लार्कच बघतो.

डाळिंबवाला:
मावशी, सापडला पेपर!! तिसऱ्या लिंकला फुकट होता. पण सगळं इंग्रजी, झॅन्थोमोनास हे तेल्याच्या जिवाणूचं नाव सोडून काय कळंना. शनिवारी वाचनालयात बसून सांगता का, शेंगाचटणी आणतो.

पार्कचौकी:
शनिवारी उघडं असतंय का ते बघ आधी.