हॉस्पिटलचं सगळं बिल भरलं, तरी वर पावणेचार लाख द्यायचे?

गाळेवाला_साकीनाका: साकीनाक्याला छोटा गाळा आहे माझा, दोन पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायची मशिनं), कामाला सात माणसं. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात गेली, अख्खी. मीच रिक्षात घालून नेला, ऑपरेशनचं सगळं बिल भरलं, दोन महिने घरी बसून पगार दिला आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस. मशीनला गार्ड होता हो, हात आत जाऊ नये म्हणून असतो तो, त्यानेच पाना लावून काढून ठेवला, हात अडतो म्हणून. चूक त्याची आणि भुर्दंड मला?

हिशेब_पक्का: बिल वेगळं, भरपाई वेगळी. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून 1923 चा जुना कर्मचारी भरपाई कायदाच धरायचा. त्यात इलाजाचा खर्च मालकाचाच, तो भरपाईतून वळता होत नाही. वय, पगार सांगा.

गाळेवाला_साकीनाका: वय 30, पगार 18 हजार.

हिशेब_पक्का: 2020 पासून पगार जास्तीत जास्त 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के 9 हजार, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 30 वयाचा फॅक्टर 207.98, म्हणजे 18,71,820, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताच्या दोन बोटांना कायद्याच्या परिशिष्टात त्याचे 20 टक्के लिहिलेत. झाले 3,74,364. वकिलाने काही फुगवलेलं नाही.

भांडुपकर: मी पण गाळेवालाच. दहा वेळा ओरडा तरी कारागीर गार्ड लावत नाहीत, आणि मुद्दाम सेफ्टी काढली तर मालक देणं लागत नाही असं त्याच कायद्यात आहे. लढा बिनधास्त.

जुना_फिटर: अहो पण का काढतात? 22 वर्षं प्रेसवर काढलीत मी. गार्ड लावला की तासाला माल कमी निघतो, संध्याकाळी शेठ आकडा विचारतो, गार्ड कुणी विचारत नाही. पाना कुठे असतो ते शेठला माहीत असतं. हे कोर्टात विचारतीलच, तुम्ही रोज बघत होता तेव्हा काय केलंत? लेखी काही दिलंय का त्याला?

गाळेवाला_साकीनाका: लेखी कोण देतं गाळ्यात. तोंडी सांगितलेलं.

जुना_फिटर: मग झालं. त्याने काढला हे सिद्ध तुम्हालाच करायचंय.

कुर्ल्याची_ताई: माझा भाऊ प्रेसवरच होता, बोटं गेल्यावर आज वॉचमन आहे, पगार निम्मा. तो वीस टक्के अपंग आहे का हो? 1976 ला सुप्रीम कोर्टाने एक हात गेलेल्या सुताराला 100 टक्के धरलंय, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. या ऑपरेटरच्या वकिलाला हे सुचलं नाही हे शेठचं नशीब.

भांडुपकर: ताई, हात आणि दोन बोटं यात फरक आहे. उद्या नख गेलं तरी 100 टक्के मागाल.

हिशेब_पक्का: फरक आहे, मान्य, आणि दोन बोटांना परिशिष्टात 20 आहेत तर बहुतेक तिथेच थांबेल. पण भांडुपकर, तुमचा गार्डवाला मुद्दा मृत्यूला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला चालतच नाही. म्हणजे चुकून ताई म्हणतात तसं झालं तर तुमचं ते कलम पण गेलं. शेठ, डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगारांच्या अपघात भरपाईचा विमा, काढलाय का?

गाळेवाला_साकीनाका: आहे. पण त्यात चारच माणसं दाखवलीत, प्रीमियम वाचावा म्हणून.

कुर्ल्याची_ताई: घ्या!

हिशेब_पक्का: त्यात याचं नाव आहे का ते आधी बघा. देणं अपघाताच्या दिवसापासून लागतं, महिन्याभरात दिलं नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर टाकता येतं, दंड तुमच्याच खिशातून. सगळं मान्य नसेल तर जेवढं मान्य आहे तेवढं तरी आता भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांकडे भरून टाका, भांडण नंतर करा.

गाळेवाला_साकीनाका: चौघांत नाव नाहीये त्याचं, आत्ताच बघितलं. एजंटचा फोन लागत नाहीये.

जुना_फिटर: दुसऱ्या प्रेसला तरी आज गार्ड आहे का?

गाळेवाला_साकीनाका: उद्या लावतो.