कोस्टा रिकात टिप द्यावी की नाही?

जोशी काकू, बी विंग : नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही दोघे मुलीबरोबर कोस्टा रिकाला जात आहोत. मुलगी अमेरिकेत राहत असल्यामुळे ती प्रत्येक जेवणावर २० टक्के टिप द्यावी म्हणते, आणि ह्यांना ते मुळीच मान्य नाही. कोणी तेथे जाऊन आले असल्यास कृपया सांगावे.

मंदार, ए विंग : काकू, या वादात मी काकांच्या बाजूने आहे. जेथे वेटर टेबलावर वाढतो, तेथे बिलात १० टक्के सेवाशुल्क धरण्याचा कायदा त्या देशात १९७२ पासून आहे, आणि त्याशिवाय १३ टक्के मूल्यवर्धित कर असतो. बिलावर ‘सर्व्हिसिओ’ अशी ओळ दिसली, की टिप दिली गेली असे समजावे. स्थानिक लोक त्यावर फार तर सुटी नाणी ठेवतात.

देशपांडे काका, सी विंग : आपल्याकडे असे शुल्क आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली. तेथेही नको म्हणता येते का?

मंदार : नाही काका, तेथे ते कायद्यानेच द्यावे लागते आणि ते वेटरच्या हक्काचे असते. टॅक्सीलाही टिपेची प्रथा नाही. मीटरचे भाडे वरच्या आकड्यापर्यंत पूर्ण केले की पुरे.

हात सैल सोडायचा तो गाइडसाठी. मॉन्टेव्हर्देच्या धुकट जंगलात तो तिवईसकट जड दुर्बीण खांद्यावर वागवतो आणि आपल्याला नुसती पाने दिसत असतात तेथे नेमका क्वेत्झाल पक्षी भिंगात आणून दाखवतो. अर्ध्या दिवसासाठी माणशी ५ ते १० डॉलर द्यावेत, असे माझे मत आहे. सहलीच्या शुल्कात हे धरलेले नसते.

जोशी काकू : डॉलर चालतात का, की कोलोनच लागतात?

मंदार : नोटा चालतात, पण फाटक्या कोणी घेत नाही, आणि डॉलरची नाणी तर देऊच नयेत, कारण ती तेथे बदलून मिळत नाहीत. ५०० कोलोनची नाणी जवळ ठेवावीत. एक नाणे ढोबळमानाने एका डॉलरइतके होते. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी अशी एक-दोन नाणी रोजच्या रोज ठेवावीत, कारण शेवटच्या दिवशी कामावर दुसरेच कोणी असू शकते. रस्त्यावर गाडी लावल्यास जाकीट घातलेला राखणदार पुढे येतो, त्यालाही तेवढेच द्यावे, मात्र परत निघताना.