दोन सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर: दोन्ही कॅलिबरला सारखा नेम मिळतो का?

बोअरगेज:
रुगर ब्लॅकहॉक कन्व्हर्टिबल या रिव्हॉल्व्हरबरोबर काढून बदलता येणारे दोन सिलिंडर (काडतुसं धरणारे फिरते भाग) येतात, .३५७ मॅग्नम आणि ९ मिमी. ९ मिमीची काडतुसं स्वस्त, म्हणून अमेरिकेत लोक घेतात. पण नेमाच्या दृष्टीने हा प्रकार म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. बॅरल एकच, तेही .३५७ चं. ग्रूव्हचा (आतल्या पिळदार खाचांचा) व्यास ०.३५७ इंच, ९ मिमीची जॅकेटवाली (तांब्याच्या आवरणाची) गोळी ०.३५५. दोन थाउ (इंचाचे हजारावे भाग) सैल गोळीला रायफलिंगची (या खाचांची) नीट पकड बसत नाही. शिवाय ९ मिमीची पुंगळी ०.७५४ इंच लांब, मॅग्नमची १.२९०, सिलिंडर मात्र तेवढाच लांब. पुंगळीतून सुटलेली गोळी बराच वेळ नुसत्या थ्रोटमधून (सिलिंडरमधल्या पुढच्या अरुंद भोकातून) घसरत जाते आणि मग फोर्सिंग कोनला (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडाला) भिडते.

थ्रोटवाला:
सगळं खापर बॅरलवर कशाला? हाच हिशोब .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी (पिस्तुलाचं आखूड काडतूस) यांच्या जोडीला लावून बघा. हल्लीच्या दोन्ही गोळ्या ०.४५१-०.४५२ इंच, बॅरल दोघींना जुळणारं. तरी दोन सिलिंडरचे ग्रुप (कागदावरचे भोकांचे पुंजके) वेगळे पडतात आणि पुष्कळदा मूळचा कोल्टचा सिलिंडरच मागे पडतो. कारण रुगरच्या .४५ कोल्ट सिलिंडरचे थ्रोट अरुंद निघतात, ०.४४९-०.४५०. शिशाची ०.४५२ ची गोळी तिथेच पिळवटते, बॅरलमध्ये सैल शिरते, कडेने गॅस निसटतो आणि फोर्सिंग कोनच्या पुढे शिशाचा थर चढतो. थ्रोट रीमरने (भोक रुंद करणाऱ्या हत्याराने) ०.४५२५ ला आणले की फरक दिसतो. आधी पिन गेजने (ठराविक मापाच्या दांड्यांनी) सहाही थ्रोट मोजा, एक मोजून बाकीचे गृहीत धरू नका. रीमर फिरवल्यावर धातू परत येत नाही.

बोअरगेज:
.४५ ची जोडी सोयीची, म्हणून तीच पुढे केलीत. व्यास जुळत नाहीत तिथलं बोला. ९ मिमीचं सांगा, नाहीतर .२२ चं.

रिमफायर:
.२२ चं मी सांगतो. रुगरच्या सिंगल-सिक्समध्ये .२२ एलआर (लाँग रायफल) आणि .२२ मॅग्नम असे दोन सिलिंडर. मॅग्नमची गोळी ०.२२४ इंच, एलआरची त्याहून थाउ-दीड थाउ बारीक. बॅरल मॅग्नमच्या मापाकडे झुकलेलं, म्हणजे कागदावर एलआर हरायला हवी. पण तिची गोळी मऊ शिशाची, दाबाने थोडी फुगून ग्रूव्ह भरते. शिवाय एलआरला मॅच (स्पर्धेच्या) दर्जाची काडतुसं मिळतात, मॅग्नमची बहुतेक शिकारीसाठीच बनतात. सहा-सात प्रकारची एलआर लावून पाहिली तर एखादं मॅग्नमच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं. स्वस्त प्लेटिंगवाली लावून सिलिंडरला शिव्या घालणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.
आणि एलआर मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये घालू नका. तिथे चेंबर (काडतूस बसतं ते भोक) रुंद असतं, पुंगळी फुगते, फाटते, गॅस मागे येतो. उलटा प्रकार होतच नाही, मॅग्नम एलआरच्या चेंबरमध्ये शिरतच नाही.

फीलरगेज:
तुम्ही सगळे व्यासातच अडकलात. निम्म्या तक्रारी चेंबर आणि बॅरल एका रेषेत नसल्याच्या असतात. कारखान्यात दोन्ही सिलिंडर त्याच फ्रेमला बसवून देतात, जादा सिलिंडरच्या तोंडावर बंदुकीच्या नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात. आकडे जुळत नसतील तर तो सिलिंडर दुसऱ्याच बंदुकीचा. बेस पिन (सिलिंडरचा आस) काढली, सिलिंडर बदलला, पिन परत घातली, फिरतोय म्हणजे बसला असं नसतं. बॅरल आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही सिलिंडरना मोजा. चार ते आठ थाउ चालते. मग पूर्ण कॉक करून (घोडा मागे ओढून) बॅरलमधून रेंज रॉड (बॅरलच्या मापाची दांडी) सोडा. सहापैकी एखाद्या चेंबरच्या कडेला तो अडला तर तिथून सुटणारी गोळी फोर्सिंग कोनवर तासली जाणार. बाजूने शिशाचे तुकडे उडतात ते यामुळेच. फ्रीडम आर्म्स ही कंपनी चेंबर फ्रेममध्येच लाइन-बोअर करते (बॅरलच्या रेषेत कोरते), तिच्या किमतीचं हे एक कारण.

बोअरगेज:
रॉड सहाही चेंबरमधून सरळ गेला तरी ०.३५५ ची गोळी ०.३५७ ची होत नाही.

थ्रोटवाला:
होते की, काडतुसं घरी भरलीत तर. शिशाची गोळी ०.३५७ ला साइझ करा (साच्यातून दाबून काढा), भरलेलं काडतूस चेंबरमध्ये सहज जातंय ना तेवढं बघा. क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) मात्र टेपरच, म्हणजे सरळ निमुळता. ९ मिमी आणि एसीपी चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतात, रोल (तोंड आत वळवणारा) क्रिंप जास्त झाला की काडतूस आत खोल जातं आणि फायरिंग पिनचा ठोसा हलका बसतो. कारखान्याच्या जॅकेटवाल्या गोळीपुरतं तुमचं म्हणणं खरं, पण २५ यार्डांवर डबे उडवायला तेवढं पुरतं.

बोअरगेज:
डबे उडवायचे असतील तर वादच नाही. विषय कागदावरच्या ग्रुपचा आहे.

फीलरगेज:
मग कागदावरच ठरवू. चेंबरना १ ते ६ नंबर द्या. रेस्टवरून (बंदूक टेकवून), २५ यार्डांवर, प्रत्येक चेंबरमधून पाच गोळ्या, प्रत्येकाचा कागद वेगळा. एका सिलिंडरला तीस काडतुसं, सगळी एकाच लॉटची. सहाही ग्रुप सारखेच पसरले तर दोष गोळी-बॅरलच्या मापाचा. पाच घट्ट आणि एकच फेकलेला असेल तर तो चेंबर बघा. सिलिंडर बदलल्यावर ग्रुप वर-खाली सरकला तर तो साइटचा विषय, अचूकतेचा नाही. मागच्या साइटचे किती क्लिक लागले ते लिहून ठेवा.